परसातला वसंत : सासवड, २६ जानेवारी ते २६ मे २०२५

२६ जानेवारी, रविवार

जागा : सासवडला घराच्या मागचे परस, जेमतेम एक गुंठा. घर पूर्वाभिमुख, म्हणजे परस पश्चिमेला. दक्षिणेला साडेपाच फुटी कंपाउंडची भिंत. वर वीतभर माती, खाली मुरूम. नळाला पाणी एक दिवसाआड. बोअरला आहे, पण मार्च सरला की ती दमते. खाणारी माणसे पाच.

काम : आतापासून पावसाला तोंड लागेपर्यंत घरची भाजी परसातूनच निघावी. कांदे-बटाटे सोडून.

गेल्या वर्षी जानेवारीत मी पालक आणि कोथिंबीर भिंतीला लागून टाकली होती. तिथे दिवसभर सावली असते, म्हटले उन्हाळाभर टिकेल. एप्रिल लागला आणि दोन्ही वाफे करपून गेले. तेव्हा वाटले पाणी कमी पडले. पाणी वाढवले, तरी गेले. खरे कारण गेल्या डिसेंबरात परसात बसल्या बसल्या कळले. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून भिंतीच्या उत्तर अंगाला तिची सावली लांबवर पडते. पुढे तो वर वर सरकत जातो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीचीसुद्धा सावली पडत नाही, तर भिंतीची कुठून पडणार? जानेवारीत दिसते ती सावली मे महिन्यात तिथे नसते.

म्हणून यंदा बी आणायच्या आधी सावली मांडते आहे. सकाळी दहापर्यंत घराची सावली परसावर असते, ती फुकटची. दुपारी तीननंतरचे पश्चिमेचे ऊन सर्वांत वाईट, तिकडे वेलांचा मांडव आडवा घालायचा. मांडव आणि घर यांच्या मधल्या पट्ट्यात पालेभाजी. भिंतीलगत ऊन सोसणारी भेंडी आणि गवार. मधल्या पट्ट्यावर दुपारपुरती शेडनेट, पन्नास टक्के ऊन अडवणारी.

सासूबाईंना कागदावर आखून दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "सावली बरी धरलीस. आता पानी कुठनं आणशील ते सांग, मग बी टाक."

१ फेब्रुवारी, शनिवार

पाण्याचा हिशोब आईंना सांगितला. (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो.) रोज बारा लिटरच्या बारा बादल्या, त्याहून जास्त नाही. त्यातल्या दोन बादल्या भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या. साबणाचे पाणी फक्त मोरीकडच्या अळवाला आणि केळीला जाईल, बाकीच्या वाफ्यांना नाही.

वाफे आज पुरे झाले. पावसाळ्यात आपण गादीवाफे करतो, कारण पाणी निचरून जायला हवे असते. आता उलट हवे. वाफा जमिनीपेक्षा चार बोटे खोल, कडेने मातीचा बांध. ओतलेले पाणी तिथेच थांबते, वाराही थेट मुळाशी लागत नाही. गेल्या वर्षी मी उन्हाळ्यातही गादीवाफेच केले होते. त्यांच्या कडा दोन तासांत वाळून पांढऱ्या पडायच्या.

वेलांसाठी मांडवाखाली आठ आळी. प्रत्येक दीड फूट रुंद, तितकेच खोल. मुरूम लागला तिथे पहार घ्यावी लागली. तळाला वाळका पाला, वर दोन घमेली कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, मग माती. दोन-दोन आळ्यांच्या मध्ये एक, अशी चार मडकी गळ्यापर्यंत पुरली. कुंभारवाड्यातून साधी, रंग न लावलेली आणली. रंग किंवा झिलई असेल तर पाणी झिरपत नाही. मडके भरून ठेवले की मातीला लागेल तसे ते पाणी सोडते. तोंडावर ताटली हवीच, नाहीतर डास होतात.

२ फेब्रुवारी, रविवार, वसंत पंचमी

वेलांच्या बियांना आज पाणी दाखवले. दोडका आणि दुधी घरचे बी. काकडी 'हिमांगी' आणि कारले 'फुले ग्रीन गोल्ड', दोन्ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची वाणे. हिमांगीची काकडी पांढरट असते, आमच्याकडे कोशिंबिरीला तीच आवडते.

रात्री अजून गारवा आहे. थंड मातीत वेलाचे बी रुजत नाही, कुजते. म्हणून बी कोमट पाण्यात भिजवले. काकडी चार तास, दोडका-दुधी रात्रभर. कारल्याची साल जाड, ते पूर्ण चोवीस तास, तेही टोकाकडची साल नखाने जराशी खरवडून. मग ओल्या सुती फडक्यात पुरचुंड्या बांधून ज्वारीच्या कणगीत ठेवल्या. तिथे ऊब असते. आईंच्या माहेरी असेच करत.

आठपैकी चार आळ्यांतच आत्ता लावणार. उरलेल्या चारांत तेच बी पाडव्याला. हे मुद्दाम. बरेच जण पाडव्याला बी टाकतात, मीही टाकत आले. उशिराचे वेल नुसते पाला आणि फुले देतात, फळ धरत नाहीत, असे दरवर्षी वाटायचे. यंदा शेजारी शेजारी लावून बघायचे आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

मोड आलेले बी गुरुवारी आळ्यांत गेले, कारल्याचे आज. प्रत्येकी तीन, बोटाच्या एका पेराइतके खोल. पुढे एक-एकच ठेवायचे.

मोगरा छाटला. पंधरा दिवस पाणी तोडले होते, पाने पिवळी पडली होती. जुन्या काड्या निम्म्यावर कापल्या, उरलेली पाने ओरबाडली, बुडाशी माती मोकळी करून शेणखत आणि पाणी. एवढा ताण दिला की मार्चअखेर कळ्यांनी लगडतो. ही एक गोष्ट मी कधी चुकवत नाही.

लिंबाला फूल दिसते आहे, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला. त्याच्या बुडाशी आता खणायचे नाही आणि पाणी एकदम वाढवायचे नाही. फूल गळते.

१६ फेब्रुवारी, रविवार

भेंडी आज टाकली, 'परभणी क्रांती'. थंडीत भेंडी रुसून बसते, म्हणून इतके दिवस थांबले. हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचे, हळद्या (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या) रोगाला दाद न देणारे म्हणून काढलेले. संकरित नसल्याने बी घरचे धरता येते. रात्रभर भिजवून फूटभर अंतराच्या ओळींत, वीत-वीत सोडून. गवार आणि चवळी त्याच्या शेजारी. पश्चिमेच्या कडेला मक्याची एक ओळ. कणसे आली तर आली, मला ती उंच आडोशासाठी हवी आहे.

मधल्या पट्ट्यात तांदुळजा, माठ, राजगिरा आणि थोडी कोथिंबीर. धने चपलेखाली रगडून दोन फाकी करून टाकले. पालक यंदा घेतला नाही. तो थंडीचा. उन्हाळ्यात त्याच्यामागे पाणी घालत बसण्यापेक्षा तांदुळजा त्याच जागेत तीनदा कापता येतो.

काकडी, दोडका, दुधी उगवून आले. कारले अजून नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

कारले तेराव्या दिवशी वर आले होते, तीनपैकी दोन.

सकाळी दुधीच्या पहिल्या पानांना चाळणीसारखी भोके. तांबूस-नारिंगी भुंगेरे, बोटाच्या नखाच्या निम्मे. वेल दोन पानांचा असतानाच हे लागतात आणि दोन दिवसांत शेंडा संपवतात. वेल चार-पाच पानांचा झाला की त्यांचे फारसे चालत नाही. म्हणजे एवढे दहा दिवस राखायचे. उन्हे यायच्या आत ते गारठलेले, मंद असतात. मुलीने आणि मी पहाटे साबणाच्या पाण्याच्या तांब्यात वेचून टाकले, सत्तावीस सापडले. मग दवाने ओल्या पानांवर चुलीतली चाळलेली राख भुरभुरली. राख आठवड्यातून दोनदाच, आणि आळ्यात ढीग पडेल इतकी नाही. आमचे पाणी मुळातच क्षाराचे आहे.

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. ऊन बदलले. सकाळी नऊलाच पाठ तापते.

मांडव पुरा झाला. बांबू सात फुटांचे, वर तार, तारेवरून सुतळ्या सोडलेल्या. दोडका दोन दिवसांत हातभर चढला. तणाव्यांनी सुतळी धरायला सुरुवात केली की त्याला हात लावायचा नाही.

आच्छादन घातले. उसाचे पाचट मिळाले एका ट्रॉलीच्या तळाशी उरलेले, आणि कडुलिंबाची पानगळ घरचीच. चार बोटे जाड थर, खोडापासून दोन बोटे लांब. फरक मोजून बघितला. उघड्या वाफ्यात बोट घातले तर दुसऱ्या दिवशी दुपारी कोरडे. पाचटाखालची माती तिसऱ्या दिवशीही बोटाला चिकटते. बारा बादल्यांच्या नऊ झाल्या.

दुधी आणि दोडक्याला फुले आली, सगळी नर. घाबरायचे कारण नाही, आधी नरच येतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळच असते, ते दिसेपर्यंत वाट बघायची.

२५ मार्च, मंगळवार

पहिली काकडी. कोशिंबीर.

दोडक्याला मादी फुले लागली, पण बोटाएवढी होऊन पिवळी पडत होती. तीन गेली. कारण परागीभवन होत नव्हते. मी सकाळी परसात असते तेव्हा कारल्यावर, काकडीवर फुलोरी माश्या (छोट्या मधमाश्या) दिसतात. दोडक्यावर एकही नाही, कारण त्याची फुले सकाळी मिटलेलीच असतात. दोडका उमलतो संध्याकाळी पाच-साडेपाचला, दुधीही उन्हे कलल्यावर. त्या वेळी आमच्याकडे माश्या परतलेल्या असतात. रात्रीचे पतंग येत असतील, पण घराच्या इतक्या जवळ, दिव्यांच्या उजेडात, पुरेसे येत नसावेत.

मग हाताने. संध्याकाळी सहाला नर फूल तोडायचे, पाकळ्या मागे ओढून काढायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. एका नराने दोन माद्या होतात. दुधीचे फूल पांढरे, अंधारातही सापडते. मुलगी हे काम आता मागून घेते. ज्या फुलाला हात लावला त्याच्या देठाला ती लाल दोरा बांधते, म्हणजे कोणते धरले ते कळते.

२८ मार्च, शुक्रवार

नऊ दोऱ्यांपैकी सात धरले.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

कडुलिंबाला फुलोरा भरपूर. सकाळी फुले, कोवळी पाने, गूळ, चिंच, ओवा, हिंग, भिजवलेली डाळ वाटून सगळ्यांना दिली. मोगऱ्याची पहिली ओंजळ गुढीला.

दुसरी चार आळी आज लावली. तेच बी, तशीच माती, तितकेच पाणी. बी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच वर येईल, कणगीची गरज नाही.

फळमाशी दिसली. कारल्यावर सुईने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंक. दोन दिवसांत फळ एका बाजूला वाकडे होऊन पिवळे पडते, आत अळ्या. टोचलेली चार फळे तोडली. ती उकिरड्यावर टाकायची नाहीत, अळी मातीत उतरून पुन्हा माशी होते. पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस उन्हात ठेवली, मग खड्ड्यात खोल पुरली. कृषी सेवा केंद्रातून सापळा आणला. मागताना वेलवर्गासाठीचा, क्यू-ल्यूरचा (या माशीला ओढणाऱ्या आमिषाचा), असे सांगावे लागते. आंब्याचा मिथाइल युजेनॉलचा असतो, तो काकडी-कारल्याच्या माशीला चालत नाही. एकदा मी तोच आणून महिनाभर रिकामा टांगून ठेवला होता.

९ एप्रिल, बुधवार

भेंडी सुरू. दिवसाआड तोड, एक दिवस चुकला की जून होते. एका रोपाच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक दिसल्या. प्रतिकार असला तरी हळद्या पुरा टळत नाही. रोप त्याच क्षणी उपटले. पांढरी माशी तो इथून तिथे नेते, म्हणून बाकीच्यांवर निंबोळी अर्क. गेल्या पावसाळ्यात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या, लिटरला पन्नास ग्रॅम, कुटून रात्रभर भिजत, सकाळी फडक्यातून गाळून चिमूटभर साबणचुरा. फवारणी मात्र संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर.

१८ एप्रिल, शुक्रवार

ओसरीतल्या थर्मामीटरने दुपारी ४० दाखवले.

टोमॅटोची चार रोपे होती, त्यांची सगळी फुले गळाली. टोमॅटोला एवढ्या उन्हात परागच धरत नाहीत. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. रोपे उपटली नाहीत, निम्म्यावर छाटून पाचट लावले. पावसाळ्यात फुटली तर बरे.

मधला पट्टा बघून समाधान वाटते. दुपारी साडेतीनला मांडवाची सावली नेमकी तांदुळज्यावर येते. तिसरी कापणी आज. भिंतीलगत, जिथे गेल्या वर्षी पालक करपला, तिथे भर उन्हात भेंडी आणि गवार ताठ उभ्या आहेत. कोथिंबीर मात्र वीतभर होऊन फुलावर आली. धने धरू देत.

एक चूक. मडक्यांतले पाणी उतरेना म्हणून मला वाटले वेलांना पुरते आहे. एक बाहेर काढून बघितले तर बाहेरून पांढरा थर. बोअरच्या क्षारांनी छिद्रे बुजली होती. नारळाच्या काथ्याने घासून, एक रात्र ताकाच्या निवळीत ठेवून पुन्हा पुरली. आता त्यांत फक्त नळाचे पाणी. तोवर कारल्याचा एक वेल कोमेजून गेला, तो काही परत आला नाही. मडके भरलेले दिसते आणि आपण निर्धास्त होतो. ते रिकामे होते की नाही, हे बघायला हवे होते.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

आईंचा दिवस. त्यांच्या माहेरी या दिवशी आळी केल्याशिवाय आमरसाला कुणी बसत नसे. या दिवशी लावलेला वेल सरत नाही म्हणतात. त्यांनी स्वतः खुरपे घेऊन मागच्या कोपऱ्यात लाल भोपळ्याची दोन आळी घातली. गुडघे दुखतात, तरी मला हात लावू दिला नाही. "पावसाचा वेल हाय हा. आत्ता नुसता जीव धरंल, मिरगात धावंल."

मी हळद लावली. फेब्रुवारीत काढलेल्या हळदीचे जेठे गड्डे बियाण्याला राखून सावलीत पाचटाखाली ठेवले होते. डोळे फुगले आहेत. वीत-वीत अंतरावर, चार बोटे खोल, वर पुन्हा पाचट. मांडवाखालच्या उरलेल्या जागेत, कारण हळदीला अर्धी सावली मानवते. अळवाजवळ सुरणाचा एक कंद.

११ मे, रविवार

आज सूर्य जवळपास डोक्यावर. बाराच्या सुमारास मुलीने अंगणात पट्टी उभी धरली. सावली बोटभरसुद्धा नव्हती. भिंतीच्या बुडाशी लख्ख ऊन.

दोन लावण्यांचा ताळा. फेब्रुवारीच्या चार आळ्यांतून आजवर दोडके ४१, दुधी १३, काकड्या दीड पाटी, कारली साधारण चार किलो. पाडव्याच्या चार आळ्यांचे वेल आज फेब्रुवारीच्या वेलांच्या याच वयापेक्षा उंच आहेत, पाने तळहाताहून मोठी. मागच्या आठवड्यात सलग पाच संध्याकाळी दोडक्याची फुले मोजली. नर ११६, मादी ४. फेब्रुवारीच्या वेलांचीही नवी फुले आता बहुतेक नरच आहेत. ऊन चढले आणि दिवस मोठा झाला की वेल नर फुलांकडे झुकतो. म्हणजे बी वाईट नव्हते, माझा हातही वाईट नव्हता. मादी फूल यायची वेळ कडक उन्हाच्या आधी साधायला हवी, आणि ती साधायची तर बी माघातच मातीत हवे.

हे मला कळायला पाच उन्हाळे लागले. म्हणून इतके सविस्तर लिहून ठेवते आहे.

२१ मे, बुधवार

गेले काही दिवस आभाळ. काल संध्याकाळी वळीव म्हणावा तर तसा नाही, तासन्‌तास पडणारा पाऊस. आजही.

पाडव्याच्या दोडक्यावर आज एकाच संध्याकाळी सहा मादी फुले. हवा गार झाली म्हणून असावे. माझा ताळा इथे तुटतो, कारण उन्हाळाच तुटला. पाडव्याच्या वेलांना मे महिन्याचे पूर्ण ऊन मिळाले असते तर काय झाले असते, ते यंदा कळणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दोन्ही लावायचे.

२६ मे, सोमवार

बातम्यांत सांगितले, मोसमी पाऊस आज पुण्या-मुंबईत आला. मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंदच नाही.

परसात सकाळी घोट्याइतके पाणी. मी फेब्रुवारीत चार बोटे खोल केलेले सगळे वाफे तुडुंब, तांदुळजा बुडालेला, भेंडीची मुळे पाण्यात. ज्या बांधांनी चार महिने थेंबन्‌थेंब अडवून धरला तेच आता फोडायचे. मे महिन्याच्या अखेरीस ही वेळ येईल असे धरले नव्हते; चर आधीच खणून ठेवायला हवा होता. यजमानांनी रजा काढली. त्यांनी उत्तरेकडून मोरीपर्यंत वीतभर रुंदीचा चर काढला, मी प्रत्येक वाफ्याचा बांध त्या बाजूने कुदळीने फोडत गेले. दुपारपर्यंत पाणी उतरले. मडकी उपटून, घासून, ओसरीत पालथी घातली. मांडवाचे दोन बांबू झुकलेत, उद्या टेकू देईन. पाचट वेलांच्या बुडापासून मागे ओढले, कुजायला लागले होते.

हळदीच्या वाफ्यातले पाचट बाजूला केले तर अकरा कोंब वर आलेले, फिकट हिरवे, सुरळीसारखे. आईंना हाताला धरून दाखवायला नेले. त्या वाटेत भोपळ्याच्या आळ्यापाशीच थांबल्या. वेल चौथ्या पानावर होता आणि पहिला तणावा फुटला होता. "काठी दे," म्हणाल्या.